रसेलचे ब्लॉक मोजले कोणी?
बास्केटबॉलमधल्या भारी बचावपटूंवरच्या या लेखात रूडी गोबेरला जुन्या बिल रसेलच्या वर बसवलंय, का तर रसेलच्या नावावर ब्लॉकचे (समोरच्याने बास्केटकडे मारलेला बॉल अडवण्याचे) आकडेच नाहीत. अहो असतील कसे, एनबीएने (अमेरिकेतली बास्केटबॉल लीग) ब्लॉक नि स्टील (समोरच्याकडून बॉल हिसकावणं) मोजायला घेतले १९७३-७४ ला आणि हा बाबा ११ टायटलं घेऊन १९६९ लाच घरी! शिवाय तो ब्लॉक केलेला बॉल प्रेक्षकांत भिरकवायचा नाही, आपल्याच माणसाकडे हलकेच ढकलायचा. दुसरा मोठा ब्लॉकवाला हकीम ओलाजुवान, त्याचं वेगळं, नायजेरियातल्या लागोसला हँडबॉल-फुटबॉल खेळून आलेला, पाय बघा त्याचे, ३८३० ब्लॉक उगाच नाहीत. आमच्या रत्नागिरीतली कबड्डीतून आलेली पोरं पण बॉलकडे नाही, समोरच्याच्या कंबरेकडे बघतात, फेकला जरा चकवा तरी हलत नाहीत. आणि एनबीएत २००४ नंतर बचाव करणाऱ्याने बॉलवाल्याला हात लावला की पंचाची शिट्टी, त्याचं काय?