बोटी धुवायला 2 तास आणि पाण्यात 40 मिनिटं: तुमच्या तक्रारीला क्लबकडून उत्तर

नमस्कार,

तुमचा रिव्ह्यू काल रात्री वाचला आणि आज सकाळी शेडमध्ये उभा राहून पुन्हा वाचला. एकच स्टार दिलात याचं वाईट वाटलं. त्यातल्या दोन-तीन गोष्टी खऱ्या आहेत, याचं जास्त वाटलं. ज्यांनी तो वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तुम्ही रविवारी पहिल्यांदाच स्वयंसेवक म्हणून आलात. 2 तास कयाक धुतल्या, पाण्यात जेमतेम 40 मिनिटं मिळाली, त्यातही आम्ही तुम्हाला मुद्दाम उलटं पाडलं. मग लख्ख ऊन पडलेलं असताना पुढची फेरी रद्द केली. लाइफ जॅकेटला कुबट वास होता, त्यावर जरा टेकलात तर ते काढून घेतलं, आणि प्रशिक्षक सगळ्यांसमोर ओरडला. तुमचा निष्कर्ष: ‘स्वयंसेवेच्या नावाखाली फुकट मजूर गोळा करायचा धंदा.’

आमचं चुकलं तिथून सुरुवात करतो. शनिवारी नदीतला कचरा काढायची मोहीम होती. बोटी प्लास्टिक, गाळ आणि जलपर्णीनं भरून परतल्या तेव्हा अंधार पडायला आला होता. सगळे दमले होते, ‘उद्या बघू’ म्हणून बोटी तशाच रॅकवर चढवल्या आणि ओली जॅकेटं पोत्यात कोंबली. तेव्हा मी तिथेच होतो, मीही घरी गेलो. म्हणजे शनिवारच्या लोकांचं काम रविवारी आलेल्या नव्या माणसांच्या अंगावर पडलं, आणि रात्रभर पोत्यात राहिलेल्या जॅकेटचा वास तुमच्या नाकाशी आला. याला कसलंही कारण चालणार नाही. जॅकेट गोड्या पाण्यात विसळून सावलीत टांगायचं, हे आम्ही पहिल्या दिवशी नव्या सभासदाला शिकवतो. उन्हात का नाही, तर उन्हानं कापड आणि शिवण दोन्ही लवकर कमकुवत होतात.

दुसरी चूक मेसेजची. आम्ही लिहिलं होतं, ‘या, नदीवर वेळ घालवा, क्लबला हातभार लावा.’ हे वाचून कुणालाही वाटेल की दिवसभर वल्हवायचं आहे आणि शेवटी एखादी बोट उचलून ठेवायची आहे. पहिल्या दिवशी निम्म्याहून जास्त वेळ काठावरच जातो, एकदा पूर्ण भिजावं लागतं, कपड्यांचा एक जोड बरोबर आणावा, यातलं एक अक्षर त्यात नव्हतं. तुम्ही ओल्या कपड्यांत घरी गेलात. मेसेज मी लिहिला होता, माफीही मीच मागतो.

इथून पुढे मात्र माझं आणि तुमचं पटणार नाही.

बोटी धुणं हे कयाकिंगच्या आधी उरकायचं हलकं काम आहे असं तुम्ही म्हणता. पाय टेकवायच्या पट्ट्या पुढे-मागे सरकतात त्या खाचेत वाळू अडकली की पट्टी ऐन वेळी हलत नाही, आणि पाय नीट टेकले नाहीत तर वल्ह्यात जोर येत नाही. दुसरं म्हणजे आमच्या बोटी नदीवरून तलावावर आणि तलावावरून नदीवर जातात. जलपर्णीचा लहानसा जिवंत तुकडा बोटीच्या कोपऱ्यात राहिला तरी त्यातून नवं रोप फुटतं. कचरा काढायला जाणाऱ्या क्लबनं स्वतःच्याच बोटीतून जलपर्णी तलावात नेऊन सोडली तर काय म्हणायचं? म्हणून आम्ही प्रत्येक बोट उपडी करून, आतून हात फिरवून तपासतो. हे तुम्हाला कुणी समजावून सांगितलं नाही, हातात नुसता ब्रश दिला. तेवढी तक्रार मान्य.

उलटं पाडण्याबद्दल. आमच्याकडे स्वयंसेवक म्हणजे नवख्यांच्या शेजारून बोट चालवणारा माणूस. त्याला स्वतःला उलटल्यावर काय होतं हे ठाऊक नसेल तर तो दुसऱ्याला कसला धीर देणार? बोट पालथी झाली की डोकं खाली, नाकात पाणी, आणि कमरेला स्कर्ट घट्ट (म्हणजे बोटीत पाणी शिरू नये म्हणून कमरेपासून बसायच्या जागेच्या कडेवर ताणून बसवलेलं कापड). घाबरलेला माणूस सगळ्यात आधी मान वर काढायची धडपड करतो आणि तिथेच अडकतो. पुढे वाकायचं, स्कर्टची पट्टी पुढे ओढून वर उचलायची, दोन्ही हातांनी बोट ढकलून बाहेर यायचं. तीन हालचाली आहेत, पण नुसतं ऐकून जमत नाहीत, एकदा पाण्याखाली केल्यावरच अंगात भिनतात. तुमचं दुसऱ्या प्रयत्नात जमलं. मी काठावरून बघत होतो. रिव्ह्यूत तुम्ही ते लिहिलं नाही, म्हणून इथे मी लिहितो.

त्यानंतर तुम्हाला उलटलेली बोट रिकामी करायला शिकवलं, त्यात बराच वेळ गेला. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. बोटीत 150 लिटर पाणी शिरलं की 150 किलोंचा बोजा झाला, तो कुणाच्या बापालाही नुसता उचलून ओतता येत नाही. म्हणून तिचं टोक आपल्या बोटीवर आडवं ओढून, ती उपडी करून पाणी निथळू द्यायचं, मग सरळ करून माणसाला वर घ्यायचं. तुम्हाला ‘40 मिनिटं एकाच जागी’ गेल्यासारखी वाटली ती ही. प्रवासाचा आनंद त्यात नाही, कबूल.

जॅकेटवर बसू दिलं नाही, यावर तर तुम्ही चक्क एक परिच्छेद खर्च केलाय. आमची जॅकेटं 50 न्यूटनची आहेत, म्हणजे साधारण 5 किलोंचा आधार. पाण्यात माणसाचं वजन फारच कमी भरतं, त्यामुळे पोहता येणाऱ्याचं तोंड वर राहायला एवढं पुरतं. पण ती ताकद आतल्या फोममध्ये आहे. फोम दर रविवारी कुणाच्या तरी बुडाखाली दबत राहिला की हळूहळू चपटा होतो, आणि आधार कमी झालाय हे नुसतं बघून कळत नाही. काढून घेणाऱ्या मुलीनं हसून सांगायला हवं होतं. पण काढून घेतलं ते बरंच केलं.

आता रद्द झालेली फेरी. ऊन होतं, खरंय. पण नदीला आपल्या डोक्यावरच्या आभाळाशी फारसं देणंघेणं नसतं, वरच्या अंगाला रात्री पाऊस पडला की ते पाणी शहरात पोचायला काही तास लागतात. पायऱ्यांशेजारच्या खांबावर रंगवलेल्या खुणा आम्ही दर अर्ध्या तासानं वाचतो. तुमचा सराव चालू होता तेव्हा पाणी नेहमीच्या खुणेवर होतं. तुम्ही बाहेर आलात आणि पुढच्या वाचनात ते वीतभर चढलेलं दिसलं. रंग गढूळ झाला होता, काड्या आणि पालापाचोळा वाहत यायला लागला होता. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की अडकलेल्या बोटीवरचा त्याचा रेटा चौपट होतो. शिवाय फेरीच्या वाटेवर पुढे बंधारा आहे. वरच्या बाजूनं तो दिसतही नाही, पाण्यात नुसती एक सरळ रेघ दिसते. त्याच्या पायथ्याशी पडलेलं पाणी उलटं फिरून परत भिंतीकडे येतं आणि तरंगणाऱ्या प्रत्येक गोष्टीला घेऊन येतं, जॅकेट घातलेल्या माणसालासुद्धा. एरवी आपण त्याच्या बऱ्याच अलीकडून वळतो. पाणी चढलं की वळायला मिळणारा वेळ कमी होतो. भरीला पहिल्या लोंढ्यात शहरातल्या नाल्यांची घाण येते, आणि त्या दिवशी दोघांच्या पायाला खरचटलेलं होतं. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू अशाच उघड्या जखमेतून शिरतात. फेरी रद्द करायला यातलं एक कारणही पुरलं असतं. पुढच्या वेळी असंच पाणी चढलं तर आम्ही पुन्हा रद्द करू आणि पुन्हा एक स्टार घेऊ.

प्रशिक्षक ओरडला ते तुम्ही प्रवाहाच्या कडेला निघाला होतात तेव्हा. त्याआधी त्यानं एक शिट्टी वाजवली होती. एक शिट्टी म्हणजे ‘इकडे बघा’, तीन म्हणजे संकट. तुम्ही बघितलं नाही, मग तो ओरडला. त्याच्याशी मी बोललो. पाण्यात ओरडला याबद्दल त्याला काहीही म्हटलं नाही. काठावर आल्यावर तुमच्याजवळ येऊन दोन शब्द बोलला नाही, याबद्दल म्हटलं. त्याला ते पटलंय.

‘दोन स्वयंसेवक कमरेएवढ्या पाण्यात नुसतेच उभे होते’ असंही लिहिलंय. ते आमच्या एका दृष्टिहीन सभासदाची बोट धरून उभे होते. तो घड्याळाच्या काट्यांवरून दिशा घेतो, ‘दहाच्या दिशेला काठ, दोनच्या दिशेला माझी बोट’ अशी. वल्ह्याचा पहिला हात मारेपर्यंत त्याला आवाज जवळून लागतो. बाहेरून हे उभं राहणं काम वाटत नाही, मलाही सुरुवातीला वाटलं नव्हतं.

आणि मजुरीचं. इथे पगार दोन प्रशिक्षकांना मिळतो, बाकी कुणालाही नाही, मलाही नाही. तरीही तुमचा प्रश्न रास्त आहे, कारण माणूस पाण्यासाठी येतो आणि आम्ही त्याला काठावरच जास्त वेळ ठेवतो. म्हणून या आठवड्यापासून मेसेजमध्ये काठावर किती वेळ आणि पाण्यात किती, हे आकड्यांत लिहिलंय. बोटी ज्यांनी वापरल्या त्यांनीच त्याच दिवशी धुवायच्या, मग अंधार पडो की काही होवो. पहिल्या दिवशी आलेल्याला धुण्याच्या पाळीत घ्यायचं नाही.

तुमची राहिलेली फेरी आमच्याकडे बाकी आहे. पाणी खुणेखाली असेल त्या कुठल्याही रविवारी या, सगळ्यात मागच्या बोटीत बसवतो. ती जागा आम्ही चांगल्या वल्हवणाऱ्यालाच देतो, कारण तिच्या मागे कुणीच नसतं. त्या दिवशी आमचा माणूस पुढ्यात आणि तुम्ही मागे, एवढीच सवलत. रिव्ह्यू काढू नका, जॅकेटबद्दलचा भाग वाचून आणखी दोघांनी विचारणा केली आणि त्यामुळेच टांगायच्या दांडीचं काम एकदाचं मार्गी लागलं. ती दांडी शनिवारी बसवायची आहे. घाबरू नका, त्यासाठी तुम्हाला बोलावत नाही.