कार्नो एक नाही, घरभर आहेत

इंजिनीअरिंगच्या ग्रुपवर एक मजकूर पुन्हा पुन्हा येतो : 'ज्या सादी कार्नोने शंभर टक्के कार्यक्षम इंजिन बनवलं, तोच पुढे फ्रान्सचा राष्ट्राध्यक्ष झाला आणि त्याचा खून झाला. कार्नोटाइट हे खनिजही त्याच्याच नावाचं.' चार दावे, आणि चारही चुकीचे.

आधी राष्ट्राध्यक्षपद. थर्मोडायनॅमिक्सवाला (उष्णता आणि काम यांच्या शास्त्रातला) सादी कार्नो १८३२ मध्ये पॅरिसला कॉलऱ्याने गेला, वय ३६. राष्ट्राध्यक्ष सादी कार्नो जन्मलाच १८३७ मध्ये. तो शास्त्रज्ञाच्या धाकट्या भावाचा, इपोलितचा मुलगा, म्हणजे सख्खा पुतण्या. गोंधळ समजण्यासारखा आहे म्हणा. नाव एक, आणि दोघेही पॅरिसच्या एकोल पोलितेक्निकचे विद्यार्थी. 'सादी' हे नाव घरात आणलं ते शास्त्रज्ञाचे वडील लाझार यांनी, शिराझच्या फारसी कवीवरच्या प्रेमापोटी. हे लाझारही साधे नव्हेत : गणिती, आणि राज्यक्रांतीच्या सैन्याची घडी बसवणारे.

खून झाला तो पुतण्याचा. जून १८९४, ल्यों शहर, एका इटालियन अराजकवाद्याने सुरा खुपसला.

आता इंजिन. कार्नोने कुठलंही इंजिन बनवलं नाही. १८२४ मध्ये त्याने एक छोटं पुस्तक लिहिलं आणि एक आदर्श, कागदावरचं इंजिन कल्पिलं. शंभर टक्क्यांची गोष्ट तर त्याच्या विचाराच्या थेट उलट आहे : गरम आणि थंड बाजूंच्या तापमानांवरच कार्यक्षमतेची, म्हणजे उष्णतेचा किती भाग कामात बदलेल याची, कमाल मर्यादा ठरते, इंजिनात वाफ भरा नाहीतर हवा. आजच्या भाषेत, ५०० आणि ३०० केल्विन (तापमानाचं शास्त्रीय एकक) यांच्यामध्ये चालणारं कुठलंही इंजिन ४० टक्क्यांपुढे जाऊच शकत नाही. गंमत म्हणजे पुस्तकात तो उष्णतेला 'कॅलोरिक' नावाचा प्रवाही पदार्थ मानत होता, तरी निष्कर्ष टिकला. पण त्याच्या हयातीत पुस्तकाला फारसं कुणी विचारलं नाही. १८३४ मध्ये क्लापेरों या फ्रेंच इंजिनीअरने ते उचललं, तेव्हा कार्नोला जाऊन दोन वर्षं झाली होती. परीक्षेत आपण या इंजिनाचा जो दाब-आकारमानाचा आलेख काढतो, तोही क्लापेरोंचाच.

राहिलं कार्नोटाइट. पिवळं, युरेनियम आणि व्हॅनेडियम असलेलं खनिज. १८९९ मध्ये नाव मिळालं ते आदोल्फ कार्नोवरून. हा खाणअभियंता आणि रसायनज्ञ, राष्ट्राध्यक्षाचा धाकटा भाऊ.

आणि हो, Carnot मधला शेवटचा 't' फ्रेंचमध्ये उच्चारत नाहीत. माणूस कार्नो, खनिज मात्र कार्नोटाइटच.