स्पॉकला मरू द्यायला हवं होतं

'स्टार ट्रेक'च्या दुसऱ्या पिक्चरमध्ये स्पॉक, म्हणजे हिरो कर्कचा जिवलग दोस्त, मरतो. स्पॉयलर स्पॉयलर म्हणून ओरडू नका, पिक्चर १९८२ चा आहे, एवढ्या वर्षांत बघितला नसेल तर आता माझ्यावर चिडून काय उपयोग.

परवा 'स्टार ट्रेक २ : द रॅथ ऑफ खान' परत बघितला आणि माझं मत आणखीनच पक्कं झालं की या सीरिजमध्ये एवढे पिक्चर आले पण खरा सीक्वेल हा एकच. सीक्वेल म्हणजे आधी जे केलंस त्याचं बिल आज भर, बास. बाकीचे सगळे पुढचे भाग आहेत.

ज्यांनी ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी स्टार ट्रेक बघितलंय त्यांना एंटरप्राइज या अंतराळजहाजाचा कॅप्टन कर्क माहितीये, पण त्या मालिकेची गंमत (आणि प्रॉब्लेम) अशी की दर एपिसोडला नवीन ग्रह, नवीन भानगड, तासाभरात सगळं मिटतं आणि पुढच्या आठवड्यात कुणाला काही आठवत नाही. १९६७ च्या 'स्पेस सीड' एपिसोडमध्ये खान नावाचा सुपरमॅन टाइप हुकूमशहा जहाज बळकावायला बघतो, हरतो, आणि कर्क त्याला त्याच्या माणसांसकट एका ओसाड ग्रहावर सोडून देतो. जा बाबा, तिथे राज्य कर. विषय संपला.

पिक्चर नेमकं तिथेच बोट ठेवतो. नंतर कुणी बघायला गेलं का तिकडे? नाही गेलं. सहा महिन्यांत शेजारचा ग्रह फुटला, यांच्या ग्रहाचं वाळवंट झालं, खानची बायको मेली, आणि हा माणूस पंधरा वर्षं वाळू खात कर्कचं नाव घोकत बसला. कर्क तोपर्यंत ॲडमिरल झालेला, टेबलावर बसून कंटाळलेला, वाढदिवसाला जहाजाचा डॉक्टर मॅकॉय त्याला भेट काय देतो तर चष्मा! स्पेस ॲडव्हेंचरच्या हिरोला वाचायचा चष्मा लागलाय हे दाखवायची हिंमत आज कुणाची आहे सांगा.

आणि हे सगळं कमी पैशात केलेलं आहे हे विसरू नका. १९७९ च्या पहिल्या पिक्चरवर साडेचार कोटी डॉलरच्या आसपास उधळले, आपल्या मुंबईची पर्सिस खंबाटा त्यात होती, १९६५ ची मिस इंडिया, रोलसाठी अख्खं टक्कल केलेलं तिने, पण पिक्चर एवढा संथ की लोक जहाजाकडे बघून बघून दमले. मग दुसऱ्याला सव्वा कोटीसुद्धा मिळाले नाहीत. निर्माता टीव्हीवाला हार्व्ह बेनेट, दिग्दर्शक निकोलस मेयर, ज्याने तोवर स्टार ट्रेक बघितलेलंच नव्हतं, आणि त्याने पटकथेचे पाचसहा वेगवेगळे ड्राफ्ट समोर घेऊन बारा दिवसांत त्यातून एक स्क्रिप्ट उभी केली. जुन्या पिक्चरमधले जहाजाचे शॉट परत वापरले. खानने पळवलेल्या जहाजाची ब्रिज, म्हणजे कॅप्टन बसतो ती कंट्रोल रूम, म्हणजे एंटरप्राइजचाच सेट, फक्त रंगरंगोटी बदललेली. त्यामुळे कर्क आणि खान पूर्ण पिक्चरमध्ये एकदाही समोरासमोर येत नाहीत, जे काय ते स्क्रीनवरून एकमेकांवर भुंकतात, आणि तरी एवढी खुन्नस! क्लायमॅक्सला तर नेब्युलात, म्हणजे अंतराळातल्या वायूच्या ढगात, शिरल्यावर जहाजांची संरक्षक शिल्ड बंद, स्क्रीनवर नुसत्या मुंग्या, दोन पाणबुड्या अंधारात एकमेकींना चाचपडतात तशी फाइट आहे, आणि जेम्स हॉर्नरचं म्युझिक, पठ्ठ्या तिशीचाही नव्हता तेव्हा. (पिक्चरमध्ये मेलेला ग्रह जिवंत करणारं एक यंत्र आहे, त्याने ग्रह जिवंत होताना दाखवलाय तो मिनिटभराचा कॉम्प्युटर ग्राफिक्सचा तुकडा ज्या टीमने केला तीच मंडळी पुढे ॲनिमेशनवाली पिक्सार झाली.)

खानबद्दल एक बोलायचंच राहिलं. नाव खान नूनियन सिंग. खान पण आणि सिंग पण. मूळ मालिकेत तो उत्तर भारतातला, बहुधा शीख, असं एक बाई त्याच्याकडे नुसतं बघून सांगते, दाढी नाही पगडी नाही, आणि रोल केलाय मेक्सिकोत जन्मलेल्या रिकार्डो मोंताल्बानने. यावर आज लेख पाडता येतील पण माणूस असला जबरदस्त आहे की मी गप्प बसतो. साठी गाठलेली आणि छाती काय, लोकांना रबराची वाटली, मेयर सांगून सांगून थकला की खरी आहे.

तर मुद्दा. पिक्चरच्या सुरुवातीलाच कोबायाशी मारूची परीक्षा आहे. कॅडेटला अशी सिच्युएशन देतात की काहीही केलं तरी माणसं मरणारच, हरताना कसा वागतोस एवढंच बघायचं असतं. आणि कर्क हा ती परीक्षा पास झालेला एकमेव माणूस, कारण पठ्ठ्याने कॉम्प्युटरचा प्रोग्रामच बदलला! कॉपी केली, सरळ मराठीत. त्याला त्याचा अभिमान आहे, आपण हसतो, आवडतो तो आपल्याला त्यासाठीच. आणि मग शेवटी जहाज वाचवायला किरणोत्सर्गात शिरलेला स्पॉक काचेच्या पलीकडे मरत असतो आणि तिथे प्रोग्राम बदलायला कॉम्प्युटरच नाही. आयुष्यभर चुकवलेला पेपर समोर आला आणि तो सोडवला दुसऱ्यानेच, स्वतःचा जीव देऊन. माझ्या मते स्टार ट्रेकमध्ये यापेक्षा भारी काही लिहिलं गेलेलं नाही.

आणि मग स्टुडिओने काय केलं? कॉपी केली.

स्पॉक मरणार ही बातमी आधीच फुटलेली, फॅन लोक खवळलेले, म्हणून तर सुरुवातीच्या त्या परीक्षेत त्याला खोटं खोटं मारून दाखवलंय, की लोकांना वाटावं हां एवढंच होतं होय. ते हुशार होतं. पण ट्रायल शोनंतर शेवट फार उदास वाटतो म्हणून क्लायमॅक्सला त्या यंत्रातून तयार झालेल्या नवीन ग्रहावर स्पॉकची शवपेटी अलगद टेकलीये असा शॉट घुसवला, मेयरचा विरोध होता तरी. १९८४ च्या तिसऱ्या भागात स्पॉक जिवंत, आणि दिग्दर्शक कोण तर स्पॉकचं काम करणारा स्वतः लिओनार्ड निमॉय. तरी त्या भागाला मी माफ करतो, कारण तिथे किंमत मोजलीये. कर्कचा मुलगा जातो, एंटरप्राइज स्वतःच्या हाताने उडवावी लागते.

पण २०१३ चा 'इन्टू डार्कनेस', नवे नट घेऊन तरुण कर्क-स्पॉकपासून परत सुरू केलेल्या सीरिजमधला! तोच सीन उलटा करून, आता काचेच्या पलीकडे कर्क, अलीकडे स्पॉक, तोच हात काचेवर, वर स्पॉक खाsssन म्हणून बोंबलतो, आणि थोड्याच वेळात खानचं जादूचं रक्त टोचलं की कर्क टुणकन उठून बसला. कुणाचं काही गेलं नाही. या दोघांची तर नीट मैत्रीसुद्धा झालेली नाही अजून, मी रडू कशासाठी? आणि सिंग आडनावाचा माणूस म्हणून बेनेडिक्ट कम्बरबॅच. नट चांगलाय हो, पण अरे काहीतरी.

माझं ऐका, आधी 'स्पेस सीड' बघा, मग लगेच हा. आणि अंत्यसंस्कार झाले, कर्कचं मुलाशी बोलणं झालं की रिमोट हातात घेऊन बसा, ती शवपेटी दिसायच्या आत बंद करायचा.