घोषणा, तारीख आणि सही : एका प्रतिक्रियेला उत्तर

स. न. वि. वि.

आपण ‘वाणिज्य विद्याशाखेचा माजी विद्यार्थी’ एवढीच ओळख दिली असल्यामुळे नावाने संबोधता येत नाही, याबद्दल राग नसावा. आपली प्रतिक्रिया मी काळजीपूर्वक वाचली. इतर वाचकांसाठी तिचा आशय आधी सांगतो. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाची परिपत्रके, परीक्षांच्या तारखा आणि प्रवेशाच्या सूचना संकेतस्थळावर असतात व व्हॉट्सॲपवरून काही मिनिटांत सर्वत्र पोहोचतात, तेव्हा मी दर आठवड्याला माझ्या मराठी पानावर त्या पुन्हा एकत्र करून मांडणे व्यर्थ आहे, हा आपला पहिला आक्षेप. त्याच पानावर ग्रंथालयाच्या वेळा, शिपायांच्या निवृत्तीच्या नोंदी आणि निधनवार्ता दिल्याने विद्यापीठाच्या बातमीची पातळी घसरते, हा दुसरा. मी स्वतः कचेरीतून निवृत्त झालेला माणूस असल्याने प्रशासनाची प्रसिद्धी करतो आणि खऱ्या प्रश्नांना हात घालत नाही, हा तिसरा. आणि जे विद्यापीठ इंग्रजी माध्यमाचे आहे व ज्या शहराची भाषा गुजराती आहे, तेथे हा उद्योग मराठीत कशासाठी, असे आपण शेवटी विचारले आहे.

पहिल्या आक्षेपाला सर्वांत अधिक जागा देतो, कारण बाकीचे सारे त्यावरच उभे आहे.

आपले विद्यापीठ एका कुंपणात मावणारे नाही. मुख्य कचेरी फतेगंजला, कला शाखेची घुमटाची इमारत सयाजीगंजात, ललित कला पुष्पबागेत, तंत्रज्ञान विद्याशाखा कलाभवनात, संगीत महाविद्यालय सुरसागराच्या काठी, आणि एक महाविद्यालय तर थेट पादरा गावी. आपल्याच वाणिज्य शाखेचे वर्ग किती वेगवेगळ्या इमारतींत भरतात, हे आपल्याला मी सांगायला नको. डभोई, करजण, सावली या बाजूंनी अप-डाऊन करणारा विद्यार्थी व्याख्यान संपताच एस.टी. पकडायला धावतो. प्रयोगशाळेतील हंगामी मदतनिसाला विद्यापीठाचा ई-मेल पत्ता असतोच असे नाही. अशा विखुरलेल्या संस्थेत एखादी सूचना संकेतस्थळावर चढवली म्हणजे ती पोहोचली, असे मानणे फार सोयीचे आहे. परंतु ज्याच्यावर तिचा परिणाम होणार, त्याला ती कळली का, हे त्यावरून ठरत नाही.

हा केवळ माझा आग्रह नाही. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ याच्या चौथ्या कलमात सार्वजनिक संस्थांनी कोणी मागण्याची वाट न पाहता माहिती प्रसिद्ध करावी, असे सांगितले आहे. ती पोहोचवताना खर्च, स्थानिक भाषा आणि त्या भागातील सर्वांत परिणामकारक माध्यम यांचा विचार करावा, असेही तेथे म्हटले आहे. माहितीचा प्रसार कशाने करावयाचा, त्याचे स्पष्टीकरणही त्याच कलमात आहे, आणि त्या यादीत पहिले नाव सूचना-फलकाचे आहे. वर्तमानपत्रे त्यानंतर येतात आणि इंटरनेट त्याहूनही नंतर. ज्या फलकांना आपण आपल्या प्रतिक्रियेत ‘कालबाह्य लाकूड’ म्हटले आहे, त्यांना कायद्याने दिलेले हे स्थान आहे.

आता व्हॉट्सॲपविषयी. निरोप लवकर मिळावा यासाठी ते साधन उत्तम आहे आणि त्याला माझा विरोध नाही. परंतु तेथे फिरते ते बहुधा परिपत्रकाचे छायाचित्र असते, आणि तेही मधला परिच्छेद तेवढा ठेवून कापलेले. वर जावक क्रमांक नसतो, तारीख नसते, खाली सही नसते. असे छायाचित्र पुढच्या वर्षी पुन्हा फिरू लागले, तर ते गेल्या वर्षीचे आहे हे ओळखण्याची कोणतीही खूण त्यावर उरत नाही. कचेरीत काम केलेल्या माणसाला परिपत्रकाचा प्रत्येक भाग कशासाठी असतो, ते ठाऊक असते. जावक क्रमांकामुळे ते नोंदवहीत शोधता येते. संदर्भाच्या ओळीमुळे ते कोणत्या ठरावावर किंवा शासन-निर्णयावर उभे आहे, हे कळते. सहीमुळे निर्णयाची जबाबदारी कोणाची, ते ठरते. आणि सर्वांत खाली बारीक अक्षरांत असलेल्या ‘प्रत रवाना’च्या यादीमुळे ते कोणाकोणाला पाठवले, आणि म्हणून ‘आम्हांला कळवलेच नाही’ असे कोण म्हणू शकत नाही, हे सिद्ध होते. विद्यार्थ्यांनी ही यादी आवर्जून वाचावी, असे मी पूर्वीही लिहिले आहे आणि पुन्हा लिहितो.

त्यानंतर येतात सुधारणा, मुदतवाढ आणि रद्द केल्याच्या सूचना. परीक्षा-अर्जाची मुदत एकदा वाढते, मग विलंब-शुल्कासह पुन्हा वाढते, आणि नवी सूचना चढवताना जुनी काढून टाकली जाण्याची शक्यता कोणत्याही मोठ्या संस्थेत असते. माझ्या संकलनात जुनी सूचना पुसली जात नाही. तिच्याखाली नवी, क्रमांक आणि तारखेसह येते. आपण ज्याला पुनरुक्ती म्हणता, ते हे आहे.

तारखेला इतके महत्त्व का, असे कोणी विचारील, तर त्याने शुल्क-परताव्याचे नियम पाहावेत. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये ठरवून दिलेल्या कोष्टकानुसार, प्रवेशाच्या अधिकृतपणे जाहीर केलेल्या अंतिम तारखेच्या १५ किंवा अधिक दिवस आधी प्रवेश रद्द केला, तर प्रक्रिया-खर्चाची मर्यादित कपात करून पूर्ण शुल्क परत मिळते. १५ पेक्षा कमी दिवस आधी रद्द केला तर ९० टक्के, तारखेनंतरच्या १५ दिवसांत ८० टक्के, त्यापुढे ३० दिवसांपर्यंत ५० टक्के, आणि नंतर काहीही नाही. पुढे काही वर्षांसाठी आयोगाने अधिक उदार अशा वेगळ्या मुदती दिल्या. तरीही तत्त्व तेच राहिले, की परताव्याची रक्कम एका जाहीर तारखेवरून मोजली जाते. ती तारीख कोणत्या कागदाने जाहीर झाली आणि कोणत्या कागदाने पुढे गेली, हे दाखवता आले नाही, तर पैसे जातात.

माझ्या नात्यातील एका मुलीच्या बाबतीत हे घडलेले मी जवळून पाहिले आहे. संस्था खासगी होती आणि तिचे नाव येथे घेण्याची गरज नाही. अंतिम तारीख पुढे गेल्याचा निरोप तिला वर्गाच्या ग्रुपवर आला होता. परतावा मोजताना मात्र संस्थेने मूळ तारीख धरली. मुदतवाढीची सूचना तोपर्यंत संकेतस्थळावरून नाहीशी झाली होती. दुसऱ्या एका विद्यार्थिनीच्या वडिलांनी त्या सूचनेची क्रमांक, तारीख आणि सही असलेली पूर्ण प्रत जपून ठेवली होती, ती पुढे केल्यावर फरकाची रक्कम मिळाली. माझ्या नात्यातील त्या मुलीचे वडील रिक्षा चालवतात. त्या रकमेचे त्यांच्या घरात काय मोल होते, ते मी जाणतो, आणि परिपत्रकांचे संकलन मी किती गांभीर्याने करतो, याचे एक कारण तेही आहे.

तक्रारीच्या बाबतीतही असेच आहे. आयोगाच्या २०२३ च्या तक्रार-निवारण विनियमांनुसार विद्यार्थ्याच्या तक्रारीवर समितीने शक्यतो १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यावयाचा असतो, आणि निर्णय मान्य नसेल तर तो मिळाल्यापासून १५ दिवसांत लोकपालाकडे, म्हणजे विद्यार्थ्यांची अपिले ऐकण्यासाठी नेमलेल्या व्यक्तीकडे, अपील करता येते. याच विनियमांत माहितीपुस्तिका प्रवेश सुरू होण्यापूर्वी किमान ६० दिवस प्रसिद्ध करण्याचे बंधन आहे, आणि पुस्तिकेत जाहीर केलेल्या गोष्टीच्या विपरीत वागणे हा तक्रारीचा विषय होऊ शकतो. त्यात भर म्हणजे २०२४ पासून गुजरातमधील सरकारी विद्यापीठांचे प्रवेश राज्याच्या सामाईक पोर्टलवरून होऊ लागल्याने, विद्यार्थ्याला आता राज्याची आणि विद्यापीठाची, अशा दोन ठिकाणच्या सूचनांवर लक्ष ठेवावे लागते. दोन्हींच्या तारखा एका तक्त्यात शेजारी-शेजारी मांडल्या, तर त्यात वेळेचा अपव्यय कोणता?

आपला तिसरा आक्षेप मला अधिक लागला, म्हणून क्रम मोडून तो आधी घेतो. मी प्रशासनाची प्रसिद्धी करतो, असे आपण म्हणता. आपण विद्यार्थी होतात तेव्हा विद्यापीठाचा कारभार १९४९ च्या स्वतंत्र कायद्याने चालत असे. सिनेट आणि सिंडिकेट ही कारभार पाहणारी मंडळे होती, नोंदणीकृत पदवीधर आपले प्रतिनिधी निवडून देत असत, ते बैठकीत प्रश्न विचारत आणि दुसऱ्या दिवशी ते वर्तमानपत्रांत छापून येत. त्या बैठकांत राजकारण होते, वेळ वाया जाई, हे मला मान्य आहे. पण प्रश्न सर्वांसमोर विचारला जात असे. गुजरात सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम ऑक्टोबर २०२३ मध्ये लागू झाला आणि बडोद्यासह ११ विद्यापीठांचे स्वतंत्र कायदे संपले. सिनेट-सिंडिकेटच्या जागी व्यवस्थापन मंडळासारख्या, निवडणुकीवाचून बनणाऱ्या मंडळांची रचना आली. नव्या रचनेने निर्णय लवकर होतील, असे तिचे समर्थक म्हणतात, आणि कदाचित होतीलही. परंतु निर्णयाआधीची चर्चा आता बाहेर ऐकू येत नाही. बाहेर येते ते परिपत्रक.

अशा वेळी परिपत्रके नीट जपून, तारीखवार लावून, एकमेकांशी ताडून पाहणे यापेक्षा खऱ्या प्रश्नांच्या जवळ जाणारे काम सामान्य माणसाच्या हाती कोणते आहे? माहिती अधिकाराच्या त्याच चौथ्या कलमानुसार, लोकांवर परिणाम करणारे महत्त्वाचे निर्णय जाहीर करताना त्यांमागील सर्व संबंधित तथ्ये प्रसिद्ध करावयाची असतात आणि ज्यांच्यावर परिणाम होतो त्यांना कारणे द्यावयाची असतात. एखाद्या सूचनेत कारण दिलेले नसेल, तर माझ्या संकलनात तिच्यासमोर ‘कारण नमूद नाही’ असे लिहिलेले असते. आपण ते पाहिले नसावे. त्या तीन शब्दांवरून अर्ज करून उत्तर मिळवणारे वाचक आहेत, आणि माझ्या दृष्टीने पाच पानी टीकालेखापेक्षा त्यांचे काम मोठे आहे.

आता शिपायांच्या निवृत्तीच्या नोंदी आणि निधनवार्ता. येथे मी आपल्याशी मुळीच सहमत होऊ शकत नाही. कुलगुरूंच्या नियुक्तीची बातमी सर्व वर्तमानपत्रे देतात. जुनी हस्तलिखिते सांभाळणाऱ्या विद्यापीठाच्या प्राच्यविद्या मंदिरात ओलाव्यापासून आणि किडीपासून पोथ्या जपणारा, कोणती पोथी कोणत्या बासनात आहे हे यादी न पाहता सांगणारा माणूस निवृत्त झाला, तर ते कोण छापणार? त्या संस्थेने १९५१ ते १९७५ या काळात वाल्मीकि-रामायणाची चिकित्सक आवृत्ती सात खंडांत सिद्ध केली. त्या खंडांवर संपादकांची नावे आहेत, आणि ती असायलाच हवीत. पण निरनिराळ्या लिपींतील हस्तलिखिते उघडून, पुसून, पाठभेद ताडणाऱ्यांसमोर ठेवून, संध्याकाळी पुन्हा बांधून ठेवणारे हातही होते, आणि त्यांची नोंद कोठेही मिळत नाही. पुढच्या पिढीच्या बाबतीत तरी असे होऊ नये, एवढीच माझी इच्छा आहे. निवृत्तीची बातमी वाचून जुने विद्यार्थी भेटायला येतात, निधनवार्ता वाचून कोणी निवृत्तिवेतनाच्या कागदांसाठी त्या घरी मदतीला जातो. विद्यापीठाची पातळी याने खाली कशी येते, ते मला समजत नाही.

लहान सूचनांचेही तसेच. ललित कला शाखेचे वार्षिक प्रदर्शन पाहायला शहरातील कोणीही जाऊ शकतो; संगीत महाविद्यालयाचे अनेक कार्यक्रम विनामूल्य असतात; देवनी मोरी या प्राचीन बौद्ध स्थळाच्या उत्खननात मिळालेला बुद्धाच्या अवशेषांचा करंडक पुरातत्त्व विभागाकडे आहे. कमाटी बागेत दर रविवारी फिरणाऱ्या कितीतरी बडोदेकरांना रस्त्यापलीकडे हे सारे आहे, याची कल्पना नसते. ग्रंथालयाच्या वाचनकक्षाची वेळ परीक्षेच्या काळात वाढली, ही ओळ आपल्याला क्षुल्लक वाटते. एका खोलीत पाच जणांसह राहून अभ्यास करणाऱ्या मुलाला त्या पानावरची तीच ओळ हवी असते.

मराठीविषयी थोडक्यात सांगतो. दांडिया बाजार, रावपुरा या भागांत अशी पुष्कळ घरे आहेत, जेथे नातवंडे इंग्रजीत शिकतात, बाजारात गुजराती बोलतात, आणि त्यांची फी भरणारी आजी-आजोबांची पिढी आजही मराठीच निश्चिंतपणे वाचते. सयाजीराव महाराजांच्या राज्याने १९३१ मध्ये मराठी आणि गुजरातीसह आठ भाषांचा ‘श्री सयाजी शासन शब्दकल्पतरु’ हा राज्यकारभाराचा कोश सिद्ध केला, तेव्हा एका भाषेत राज्य चालवणे त्यांना सोपे गेले नसते असे नाही. त्यांनी ते कष्ट घेतले. मी त्याच शहरात राहतो.

तरीही गुजराती वाचकांचा आपला मुद्दा रास्त आहे, आणि पुढील महिन्यापासून तारखांचा तक्ता मराठीबरोबर गुजरातीतही देण्याची व्यवस्था एका तरुण मित्राच्या मदतीने केली आहे. टिपा मात्र मराठीतच राहतील.

आपण वाणिज्य शाखेचे आहात, आणि माझ्या संग्रहात त्या शाखेच्या जुन्या सूचना सर्वांत कमी आहेत. आपल्याकडे किंवा आपल्या वर्गमित्रांकडे प्रवेशाच्या, परीक्षेच्या, शुल्काच्या मूळ सूचना असतील, तर त्यांची छायाचित्रे कृपया पाठवा. फक्त वरचा क्रमांक, तारीख आणि खालची ‘प्रत रवाना’ची यादी कापू नका, आणि कागदावर कोणा विद्यार्थ्याचे नाव किंवा पी.आर.एन. (कायम नोंदणी क्रमांक) असेल तर ते झाकून घ्या.

कळावे.