'पंधरा मिनिटं चालवून इंजिन हातात दिलं' या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार नाखवा,

तुमच्या मासेमारी बोटीचं इंजिन आम्ही आमच्या गॅरेजात दुरुस्त करून दिलं, त्याबद्दलचा तुमचा अभिप्राय वाचला. ऐन ऑगस्टात दोन फेऱ्या बुडाल्या, खलाशांना बसून पगार द्यावा लागला, भरलेला बर्फ वितळून गेला. याचं आम्हाला मनापासून वाईट वाटतं आणि झालेल्या त्रासाबद्दल क्षमस्व. एक स्टार दिलात, तो तुमचा अधिकार आहे. पण तुम्ही लिहिलेलं हर्णैपासून दाभोळपर्यंतची माणसं वाचतात. 1 जून ते 31 जुलै या मासेमारी बंदीच्या दोन महिन्यांत जी कामं येतात त्यावरच आमचं वर्षाचं घर चालतं. म्हणून गप्प बसता येत नाही.

तुम्ही लिहिलंय, 'पावणेतीन लाख घेतले, पंधरा मिनिटं गॅरेजात चालवून इंजिन हातात दिलं. रनिंग करून दिलंच नाही. सांगितल्याप्रमाणे हळूच चालवलं तरी आता ऑइल पितंय आणि निळा धूर मारतंय.' (रनिंग म्हणजे नवे भाग एकमेकांत नीट बसावेत म्हणून इंजिन सुरुवातीला ठरावीक पद्धतीने चालवणं.)

पैशांबद्दल एवढंच सांगतो की लायनर (ज्या नळीत पिस्टन वरखाली होतो ती) आणि पिस्टनचा संच, पिस्टनवरच्या रिंगा, बेअरिंगं, क्रँकचं ग्राइंडिंग, नोझल, फ्युएल पंपाचं सेटिंग या प्रत्येकाचं बिल तुमच्याकडे आहे आणि काढलेले जुने भाग पोत्यात भरून तुमच्या ताब्यात दिले आहेत. मला लागलं ते 'पंधरा मिनिटं'.

पंधरा मिनिटंच चालवलं हे खरं आहे, आणि ते मुद्दाम. स्टँडवर इंजिनाला ओढायला काहीच नसतं. तिथे फक्त ऑइलचं प्रेशर येतंय का, पाणी फिरतंय का, कुठे गळती आहे का, आवाज बरोबर आहे का, एवढं बघायचं आणि बंद करायचं. त्याच्यापुढे रिकामं चालवत ठेवलं तर फायदा नाहीच, उलट नवीन लायनरची वाट लागते. नवीन लायनरला आतून होनिंगच्या, म्हणजे मुद्दाम घासून काढलेल्या, बारीक तिरक्या रेघा असतात. त्या ऑइल धरून ठेवतात आणि रिंगा त्यांच्यावर घासून घासून लायनरला चपखल बसतात. पण रिंगेला लायनरवर दाबतं कोण? रिंगेतला ताण थोडासा, खरं काम जळणाच्या दाबाचं. तो वायू रिंगेच्या मागे शिरतो आणि तिला बाहेर दाबतो. इंजिनावर लोड नसेल तर जळण कमी, दाब कमी, रिंग नुसती वरवर सरकत राहते. इंजिन नीट तापत नाही म्हणून डिझेलही पूर्ण जळत नाही. ते अर्धवट जळलेलं डिझेल आणि ऑइल त्या रेघांमध्ये चिकटून बसतं आणि लायनर आरशासारखा गुळगुळीत होतो. मग रिंगा बसायच्या राहूनच जातात, ऑइल वर चढतं आणि निळा धूर सुरू होतो. हे सगळं पहिल्या काही तासांतच ठरतं. मोठ्या कारखान्यांत इंजिनाला लोड लावून चालवायचं यंत्र असतं. आमच्या बंदरात ते नाही. आमच्याकडे लोड म्हणजे पाण्यात फिरणारा पंखा, म्हणजे तुमची बोट. रनिंग बोटीवरच होतं, दुसरीकडे होत नाही.

आणि ते कसं करायचं हे आम्ही सांगितलं होतं. इंजिन बसवल्यावर आमचा फिटर तुमच्या तांडेलाबरोबर (बोट चालवणाऱ्या प्रमुखाबरोबर) सुवर्णदुर्गाच्या बाहेरपर्यंत जाऊन आला. त्याने सांगितलं की आधी इंजिन तापू द्या, मग 1400 ते 1600 रेसमध्ये (मिनिटाला इतके फेरे) चालवा, एकाच रेसवर तासन् तास ठेवू नका, फुल रेस सलग मारू नका, स्लोवर पाच-दहा मिनिटांच्या वर ठेवू नका. पन्नास तासांनी ऑइल आणि फिल्टर बदलायचा, टॅपेट आणि हेडचे नट तपासायला आम्हाला बोलवायचं. ते बोलावणं आलंच नाही.

'हळू चालवा' असं आमच्याकडून कोणी म्हटलेलं नाही, नाखवा. हळू चालवणं म्हणजे इंजिनाची काळजी घेणं असं सगळ्यांना वाटतं आणि तिथेच घात होतो. पंख्याचा हिशोब गाडीच्या चाकासारखा नसतो. तुमच्या इंजिनाची फुल रेस 1800. ती निम्मी करून 900 वर आणली की पंख्याला लागणारी ताकद निम्मी होत नाही, साधारण आठव्या हिश्श्यावर येते. म्हणजे 900 वर दिवसभर चाललेलं इंजिन जवळजवळ रिकामंच चाललं. 1400 ला मात्र जवळपास निम्मी ताकद लागते, 1600 ला सत्तर टक्क्यांच्या आसपास. म्हणून ते आकडे सांगितले होते.

तक्रार आल्यावर आमचा माणूस बोटीवर आला तेव्हा तासांचा मीटर सव्वाशेवर होता आणि तुमच्याच वहीत डिझेल सातशे लिटर. हे इंजिन 1500 वर तासाला दहा-बारा लिटर घेतं. सव्वाशे तासांना सातशे लिटर म्हणजे अर्ध्याहून जास्त वेळ ते स्लोवर होतं. तांडेलाने स्वतःच सांगितलं की रात्री नांगरावर दिव्यांसाठी आणि बॅटरी चार्ज करायला इंजिन चालूच असायचं. त्याला मी दोष देत नाही. जुन्या इंजिनावर सगळेच तसं करतात, आणि तिथे ते खपून जातं. नव्या रिंगांवर खपत नाही.

तुम्ही इंजिन जुलै अर्धा संपल्यावर आणलंत आणि 1 ऑगस्टला बोट पाण्यात पाहिजे म्हणालात. पोरांनी रात्री जागून काम केलं. नारळ फोडताना आमच्या फिटरला तुम्हीच पुढे उभं केलं होतंत. त्यानंतर 'इंजिन हातात दिलं' हे वाचणं जड गेलं. तो मुलगा दोन दिवस नीट जेवला नाही.

आता उपाय. लायनर फार गुळगुळीत झाले नसतील तर लोडवर चालवून रिंगा अजून बसू शकतात. आमचा फिटर तुमच्याबरोबर दोन दिवस समुद्रात येईल, त्याचे पैसे नाहीत. आधी कॉम्प्रेशन बघू. नाहीच बसलं तर हेड उतरवून लायनरला पुन्हा होनिंग करू आणि रिंगा बदलू. रिंगांची किंमत तुमची, मजुरी आमची. कोणीतरी तुम्हाला भांडी घासायची पावडर हवेच्या वाटेने आत सोडायला सांगितलंय असं कळलं. कृपया ते करू नका, बेअरिंगंसुद्धा जातील. यापुढे रनिंगच्या सूचना लेखी देण्याचीही व्यवस्था आम्ही करतोय.

पुढच्या भांगाला (लहान भरतीच्या दिवसांत) बोट तशीही आंजर्ल्याच्या खाडीत येईलच. तेव्हा येऊ. डिझेलची वही हाताशी ठेवा, डिपस्टिकवर ऑइल रोज बघा आणि तोपर्यंत रात्रीच्या दिव्यांसाठी वेगळी बॅटरी किनाऱ्यावरून चार्ज करून न्या. आमच्याकडे एक पडून आहे, पाहिजे तर आजच पाठवतो.