मावशीच्या दुकानातलं लिनक्स

आज दुपारी बार्शीला मावशीच्या दुकानात गेले, कॉम्प्युटर चालू केला आणि समोर विंडोज आलं, तेही चोरीचं. दिवाळीत मी स्वतः बसून टाकलेलं लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकट, मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम, पुसलं गेलं होतं. मावशी काही बोलली नाही, चहा सांगायला उठली. तेव्हा फक्त वाईट वाटलं. राग आला तो संध्याकाळी, आपल्या लिनक्सवाल्यांच्या ग्रुपवर हे लिहिल्यावर. पहिलंच उत्तर आलं: "लोकांना चोरीचं चालतं, फुकटचं चालत नाही. युजरच तसा असेल तर आपण काय करणार?" त्यावर पटापट अंगठे पडले. त्यातले निम्मे अंगठे ज्यांच्याशी मी मुक्त सॉफ्टवेअरवर (ज्याचा कोड कुणीही बघू, बदलू, वाटू शकतं ते) रात्र-रात्र बोलले आहे अशा लोकांचे.

पुण्याच्या एसटीत बसून लिहितेय, लांबलं तर लांबू दे.

मावशीचं दुकान म्हणजे कॉलेजसमोरची एक खोली. झेरॉक्स, स्कॉलरशिपचे फॉर्म, सातबारा, लग्नसराईत पत्रिका. काका गेल्यापासून घर त्यावरच चालतं. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट संपला आणि तिचं दहा वर्षं जुनं मशीन विंडोज 11 घेत नव्हतं. टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप हवी, प्रोसेसर नवा हवा. म्हणजे धडधाकट चालणारं मशीन भंगारात घाला आणि पस्तीस-चाळीस हजार काढा. मी म्हटलं, मावशी, एक रुपया खर्च करू नकोस. रात्री बसून लिनक्स टाकलं, मराठी टायपिंगचा इन्स्क्रिप्ट कीबोर्ड लावला, प्रिंटर जोडला, टेस्ट पेज काढलं. मशीन पळायला लागलं. मावशी खूश झाली आणि मी सकाळच्या गाडीने पुण्याला परत आले.

आता कृपा करून मला लिनक्स अवघड असतं म्हणून हे झालं असं सांगू नका. मावशीच्या हातातल्या फोनच्या पोटात लिनक्सचाच गाभा (कर्नल) आहे. जगातल्या सगळ्यात वेगवान 500 सुपरकॉम्प्युटरांची जी यादी निघते, तिच्यात 2017 च्या नोव्हेंबरपासून लिनक्सशिवाय दुसरं काही नाही. फोनवरचं मावशीला कधी "टाकावं" लागलं नाही, कारण ते फोनबरोबर आलं. बिघडलं तर कोपऱ्यावर मोबाइलवाला आहे. बास, एवढंच लागतं माणसाला. कुणीही ऑपरेटिंग सिस्टिम निवडत नाही हो. मशीनबरोबर डब्यात जे येतं ते वापरतात आणि शेजारचा जे दुरुस्त करू शकतो ते ठेवतात.

डेस्कटॉपवर डब्यात काय येईल ते तर आधीच ठरून गेलं होतं. मायक्रोसॉफ्टचे कॉम्प्युटर कंपन्यांशी असे करार होते की विंडोज किंवा त्याआधीचं डॉस टाका नाहीतर टाकू नका, विकलेल्या प्रत्येक मशीनमागे पैसे द्यायचेच. अमेरिकेच्या न्याय खात्याने 1994 मध्ये ते थांबवलं. तोवर बाजार बसून गेला होता. लिनक्स सुरू करणाऱ्या लिनुस टोरवाल्ड्सने हेलसिंकीत आपला गाभा जाहीर केला तो 1991 च्या ऑगस्टमध्ये. शर्यत सुरू व्हायच्या आधीच मैदान विकलेलं होतं.

आणि कोरलची, म्हणजे डिझाइनचं कोरल ड्रॉ बनवणाऱ्या कंपनीची, गोष्ट माहितीये का? पत्रिका म्हणजे कोरल, फ्लेक्स म्हणजे कोरल, महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी जाऊन बघा. त्या कोरल कंपनीने 1999 मध्ये स्वतःचं लिनक्स काढलं होतं! 2000 मध्ये कोरल ड्रॉ लिनक्सवर आणलं होतं! त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने कोरलमध्ये साडेतेरा कोटी डॉलर घातले आणि पुढच्या वर्षी कोरलने आपलं लिनक्स झँड्रॉस नावाच्या कंपनीला विकून टाकलं. तुम्ही काय तो अर्थ लावा, मी माझा लावलाय. त्याच झँड्रॉसचं लिनक्स 2007 मध्ये आसूसच्या छोट्या ईईई पीसीवर डब्यातून आलं आणि लोकांनी ते मशीन भराभर घेतलंही. मग मायक्रोसॉफ्टने, ज्या जुन्या विंडोज एक्सपीची विक्री बंद व्हायची होती, तिची मुदत खास त्या छोट्या मशीनांसाठी वाढवली. थोड्याच दिवसांत छोटे लॅपटॉपही एक्सपीचे.

ते कोरल ड्रॉ लिनक्सवर टिकलं असतं तर आज मावशीचं मशीन तसंच असतं. मार्गशीर्षात एक जण पेन ड्राइव्हवर जुन्या पत्रिकेची कोरलमधली फाइल घेऊन आला, फक्त नावं आणि तारीख बदलायची होती. मी दिलेल्या प्रोग्रॅममध्ये ती उघडली तर मजकुराच्या जागी नुसती चिन्हं. जुना फॉन्ट, युनिकोडच्या (सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांच्या प्रमाण पद्धतीच्या) आधीचा. गिऱ्हाईक उठून गेलं. हे ती दिवाळीतच सांगत होती, "पत्रिकांचं काय गं?" मी म्हटलं होतं, होईल.

"वाइन (विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर) लावायचं ना" म्हणणाऱ्यांनो, दोन रात्री घालवल्या आहेत मी त्यात.

बरं, चोरीचं म्हणता ना? मग नीट बघा. आपल्याकडे विंडोजही फुकटच आहे. लॅपटॉप उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार) किंवा डॉस घालून येतो, दुकानातला मुलगा तिथल्या तिथे पुसून पायरेटेड विंडोज टाकून देतो. बिल गेट्स 1998 मध्ये चीनबद्दल उघड बोलून गेले होते की चोरणारच असतील तर आमचं चोरू देत, वसूल कसं करायचं ते पुढे बघू. आपण मात्र वीस वर्षं "फुकट आहे, फुकट आहे" ओरडतोय. दोन्ही फुकट असताना माणूस काय बघेल? अडलं तर कोण येईल, हेच बघेल.

मला मावशीच्या त्या दिवसाबद्दल सांगायचंय. आज तिने चहा पिताना सांगितलं, तोवर मला माहीत नव्हतं. स्कॉलरशिपच्या फॉर्मची शेवटची तारीख, दुकानात पाच-सहा पोरं उभी, आणि प्रिंटर गप्प. अपडेट झालं होतं. त्या प्रिंटरच्या कंपनीने लिनक्सचा ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर चालवणारा छोटा प्रोग्रॅम, कधीतरी एकदा करून सोडून दिलाय, तो नव्या आवृत्तीवर चालेना. तिने मला फोन केला. मी मीटिंगमध्ये. चाळीस मिनिटांनी मी उलटा फोन केला, तो मला आठवतो. "मावशी, काळी खिडकी उघड, मी सांगते ते टाइप कर. एस, यू, डी, ओ. आता स्पेस दे." मग पासवर्ड. तिथे पासवर्ड टाइप केला तरी पडद्यावर काही उमटत नाही, टिंबसुद्धा नाही. ती म्हणाली, "उमटतच नाही गं." मी म्हटलं, तसंच असतं, टाइप करत राहा. माझा आवाज चढला होता. तिला वाटलं कीबोर्ड गेला. तोवर पोरं पलीकडच्या दुकानात गेली होती, हे ती फोनवर बोललीच नाही.

संध्याकाळी तिने कॉम्प्युटर दुरुस्तीच्या मुलाला बोलावलं. पाचशे रुपये, अर्धा तास, विंडोज. "चोरीचं आहे ते, धोक्याचं आहे," मी आज म्हटलं. ती म्हणाली, "असेल. पण तो आला गं."

मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ सुरू करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमनची लढाई कशावरून पेटली ते आपल्यातल्या प्रत्येकाला पाठ आहे. अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्रयोगशाळेत आलेला झेरॉक्स कंपनीचा लेझर प्रिंटर, कागद अडकायचा आणि दुरुस्तीसाठी त्याच्या सॉफ्टवेअरचा कोड मिळेना. प्रिंटरपासून निघालो होतो आपण! आणि आज तालुक्याच्या गावात एका बाईचा प्रिंटर गप्प झाला तर आपण म्हणतो युजरच तसा.

हो, सुधारलंय खूप, मान्य. स्टीम डेक या हातातल्या गेमिंग मशीनवर लोक लिनक्सवर खेळतायत आणि त्यांना कळतही नाही. पण तेही डब्यातूनच आलंय, बघा. केरळचंही उदाहरण देऊ नका, देणार असाल तर पूर्ण द्या. तिथे सरकारी शाळांत लिनक्स टिकलं ते सरकारने शिक्षकांना शिकवलं म्हणून, शाळेशाळेत आयटी को-ऑर्डिनेटर नेमले म्हणून. मुलांसमोर उभं राहणारं माणूस होतं. आपण काय केलं? डेब की आरपीएम, स्नॅप की फ्लॅटपॅक, म्हणजे प्रोग्रॅम कुठल्या पुडक्यात बांधून द्यायचा, यावर भांडलो. खुद्द टोरवाल्ड्सने 2014 मध्ये देबियन या लिनक्सच्या संमेलनात वैतागून सांगितलं होतं की लिनक्स डेस्कटॉपसाठी प्रोग्रॅम तयार करून देणं म्हणजे डोकेदुखी आहे. तरी आपली डिस्ट्रोंची, म्हणजे लिनक्सच्या वेगवेगळ्या प्रकारांची, यादी लांबतेच आहे. इन्स्टॉल करून द्यायचं आणि निघून यायचं, फोटो टाकायचा, "अजून एक मशीन मुक्त झालं." मीही टाकला होता तो फोटो. दिवाळीतली पोस्ट आहे, तुम्हीच लाइक केलेली. आज काढून टाकली.

निघायच्या आधी मी त्या मुलाच्या दुकानात गेले. भांडायचं मनात होतं. वीस-बावीसचा मुलगा, पुढ्यात उघडलेली चार मशीनं, गळ्यात पेन ड्राइव्हची दोरी. म्हणाला, "मॅडम, मावशींचं आधीचं छान पळत होतं. पण मला त्यातलं काही येत नाही, प्रिंटर कसा लावणार? ज्यांना पत्रिका करायच्या नाहीत, त्यांची जुनी मशीनं रोज येतात माझ्याकडे." तासभर बसलो. त्याच्या पेन ड्राइव्हवर लिनक्स टाकून दिलं, एका पडीक मशीनवर त्यानेच इन्स्टॉल केलं, माझा हात न लागता. मग माझा नंबर लिहून घेताना विचारलं, "फोन केला तर उचलाल ना?"

मंडळी, त्याच्याकडे जास्तीत जास्त त्याच एका जुन्या लेझर प्रिंटरची गिऱ्हाइकं येतात. तो ड्रायव्हर नव्या आवृत्तीवर ज्यांनी चालवून दाखवलाय, त्यांनी मेसेज करा, मॉडेल सांगते. पुढच्या रविवारी परत बार्शीला चाललेय, सोलापूरकडचं कुणी असेल तर बरोबर चला.