एप्रन धुवायचा नसतो!

मेडिकलला, नर्सिंगला नंबर लागला? अभिनंदन! आता चार अनुभवाचे बोल ऐका. ताजे आहेत. गेल्याच आठवड्यात आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, ठाण्यातल्या एका रुग्णालयात. नाव सांगत नाही, ड्रेसिंगला परत तिथंच जायचंय.

एप्रन धुवायचा नसतो. वॉर्डातून निघालात की तोच अंगावर ठेवून ठाणे-वाशी लोकल पकडा, उतरल्यावर वडापाव खा. गळ्यात स्टेथोस्कोप हवाच, नाहीतर वडेवाल्याला कळणार कसं?

नखं वाढवा.

टोचून झाल्यावर सुईला टोपण दोन्ही हातांनी बसवा. बोटात सुई घुसून होऊ शकणाऱ्या हिपॅटायटिस बीच्या लशीचे ३ डोस पूर्ण करायला तुम्हाला वेळ कुठाय?

आणि हात धुणं? १८४७ साली व्हिएन्नात सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरानं, प्रेतं फाडून थेट बाळंतिणींना तपासायला येणाऱ्या विद्यार्थ्यांना क्लोरिनच्या पाण्यात हात धुवायला लावले. बाळंतिणींचे मृत्यू झपाट्यानं घटले. तो मात्र शेवटी वेड्यांच्या इस्पितळात गेला. तुम्ही शहाणे आहात.

राउंडचं तंत्र तर बघून घ्यावं. आईच्या वॉर्डात दहा जण आले. पहिल्यानं शेजारच्या आजींच्या पायाची चिघळलेली जखम चाचपली, त्याच बोटानं फोनवर रील सरकवलं, आणि तेच बोट आईच्या टाक्यांवर. ‘आजी, दुखतंय का?’ कॉटच्या पायथ्याशी सॅनिटायझरची बाटली टांगलेली. मी बाटलीकडे बघतोय, तो माझ्याकडे. मग दुसरा, तिसरा. एका मुलीनं ग्लोव्हज घातलेले दिसले, मला भरून आलं. ती तेच ग्लोव्हज घालून पुढच्या कॉटकडे गेली, तेव्हा ओसरलं. मी ‘हात...’ एवढंच म्हणालो, तर एक जण म्हणाला, ‘काका, आम्ही डॉक्टर आहोत.’

दुसऱ्या वर्षाला आहेस रे तू!

चौथ्या दिवशी टाक्याला पू. कुणाच्या बोटाचा, हे सिद्ध करता येत नाही, तेवढी तुमची सोय आहे.

बास झाली थट्टा. सॅनिटायझर चोळायला २०-३० सेकंद लागतात, साबणानं धुवायला ४० ते ६०. हात कधी धुवायचे ते ५ प्रसंग तोंडी परीक्षेत घडाघडा म्हणता, मार्क घेता आणि वॉर्डात बेसिनपर्यंत जायला पाय जड होतात? सर धुवत नाहीत म्हणून आम्हीही नाही, हे कारण? लाज वाटत नाही? मग सरांनाही सांगा, मीही सांगणारच आहे.

सोमवारी ड्रेसिंगला येतोय. आईच्या पोटाला हात लावायच्या आधी त्या बाटलीचा पंप दाबायचा, माझ्यासमोर. नाही दाबलात तर मनगट धरीन.